व्हीलचेअरसह अकरा जणांची सहल आणि भाड्याचं लाकडी घर : मालकांना नेमकं काय विचारायचं?

रानवारा

नमस्कार मंडळी,

आम्हा भावंडांची वर्षातून एकदा एकत्र सहल असायची. चार वर्षांपूर्वी दादाचा अपघात झाला, मणक्याला इजा झाली आणि तेव्हापासून तो व्हीलचेअर वापरतो. त्यानंतर आम्ही भेटतो ते एकमेकांच्या घरीच. सहल हा विषय कुणी काढत नाही. मला तो आता काढायचा आहे.

एकूण अकरा जण : आम्ही तीन भावंडं, तिघांचे जोडीदार, चार मुलं आणि आई. आईचे गुडघे दुखतात, तिलाही जिना नको. मी जंगलाच्या कडेला एक लाकडी घर हेरलं आहे. चार खोल्या, मोठा व्हरांडा, समोर शेकोटीची जागा. मालकांना फोन केला, तर म्हणाले, "हो हो, व्हीलचेअर येते की, मागेही एक पाहुणे आले होते." नंतर फोटो नीट पाहिले तेव्हा दाराशी दोन पायऱ्या दिसल्या आणि बाथरूममध्ये टब.

दादाची खुर्ची हाताने चालवायची आहे. कमरेच्या वर त्याची ताकद चांगली आहे, खुर्चीतून पलंगावर तो स्वतः जातो. नोकरी करतो, ब्रेक-वेग सगळं हाताने सांभाळायची मोटार चालवतो. त्याला अजून काही सांगितलेलं नाही, सगळं ठरलं की एकदम सांगायचा विचार आहे.

तर प्रश्न असा, की मालकांना काय काय विचारू? आणि दोन पायऱ्यांचं काय करता येईल? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पायरी_नको

रानवारा ताई, मी स्वतः सतरा वर्षं खुर्ची वापरतो, म्हणून आधी एकच सांगतो. "व्हीलचेअर येते" हे उत्तर धरू नका. सेंटिमीटर विचारा.

मित्रांबरोबर अशाच एका घरी गेलो होतो. मालक अतिशय भले गृहस्थ. मी येणार म्हणून त्यांनी दाराशी नवीन फळी टाकून घेतली होती, माझ्या खोलीत ताजी फुलं ठेवली होती. बाथरूमचं दार मात्र ५८ सेंटिमीटर आणि माझी खुर्ची ६४. सहा सेंटिमीटरनी घात केला. तीन दिवस मी खोलीत ओल्या फडक्याने अंग पुसलं. दुपारनंतर पाणी प्यायचं बंद केलं, कारण प्यायलो तर जायचं कुठे? परत आलो तो लघवीचा संसर्ग घेऊनच. मित्रांना यातलं काही कळू दिलं नाही, त्यांची सुट्टी कशाला बिघडवायची?

म्हणून म्हणतो, बाथरूमचं दार आधी. पायऱ्या, उतार, व्हरांडा सगळं नंतर. घरात शिरायला एकवेळ युक्ती निघते, ५८ सेंटिमीटरच्या चौकटीत कुठलीच युक्ती चालत नाही.

दुसरं, दादांना सांगितलेलं नाही हे वाचून जरा थबकलो. त्यावर सवडीने लिहितो.

गिरीभ्रमर

दोन पायऱ्यांचं एवढं काय? अकरांत निदान चार तरी धडधाकट असतील. दादांना खुर्चीसकट उचलायचं आणि आत न्यायचं. आम्ही एका मित्राला असंच सगळीकडे नेलं आहे. माणसं आपली असली की कुठे काही अडत नाही.

सुतारपक्षी

बाथरूमचं दार आत उघडतं की बाहेर, तेही विचारा. आत उघडत असेल तर खुर्ची आत गेल्यावर दार लागतच नाही.

हातगुण

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, मणक्याच्या इजेनंतर घरी परतणाऱ्यांबरोबर माझं रोजचं काम चालतं. पायरी_नको यांनी बाथरूमला पहिला नंबर दिला तो अगदी बरोबर आहे.

गिरीभ्रमर, तुमची भावना पोचली, पण खुर्चीसकट उचलणं मी कुणालाच सुचवणार नाही. बऱ्याच खुर्च्यांचे हात आणि पायाच्या पट्ट्या काढता-घालता येतात. घाईत नेमकं तेच धरलं जातं, तुकडा हातात येतो आणि माणूस खाली. उचलणाऱ्याची पाठ जाते ती वेगळीच.

आणि रोजचा विचार करा. माणूस बाहेर जाणार कितीदा? सकाळी उन्हात बसायला, दुपारी मुलांचा खेळ बघायला, रात्री शेकोटीला. प्रत्येक वेळी चार जणांना गोळा करायचं? दुसऱ्या दिवसापासून तो "मी आतच बरा आहे" म्हणायला लागतो आणि घरच्यांना वाटतं, दमला असेल.

पायरी_नको

हातगुण यांच्या शेवटच्या वाक्याखाली माझी सही.

गिरीभ्रमर, राग मानू नका. तुमच्या मित्राला तुम्ही नेलंत, त्याला तुमच्याबद्दल प्रेमच असणार. पण त्याला एकदा विचारून बघा, की उचलताना काय वाटायचं. मला उचलतात तेव्हा मी जीव मुठीत धरून बसतो आणि चेहरा हसरा ठेवतो. रात्री आग लागली, धूर झाला, तर चार जण मिळतील का, हाही विचार मनात असतोच. निदान एक दार असं हवं, ज्यातून मी एकटा बाहेर पडू शकेन.

गिरीभ्रमर

विचारतो त्याला. खरंच कधी विचारलं नव्हतं.

सुतारपक्षी

पायऱ्यांचं गणित मांडतो.

रॅम्पचा सर्वमान्य उतार १:१२. म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. एक पायरी साधारण १७ सेंटिमीटरची धरली तर दोन पायऱ्या ३४, आणि रॅम्प ४०८ सेंटिमीटर, म्हणजे चार मीटरहून जास्त. इथेच बहुतेकांचं चुकतं. दीड मीटरची फळी टाकतात आणि ती घसरगुंडी होते. चढताना खुर्ची मागे उलटते आणि उतरताना ताबा सुटतो.

घडीचे अॅल्युमिनियमचे रॅम्प मिळतात, भाड्यानेही मिळतात. त्यावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते. माणूस, खुर्ची आणि मागून ढकलणारा या तिघांचं वजन धरा. रुंदी ९० सेंटिमीटरच्या आसपास हवी, दोन्ही कडांना उंच पट्टी हवी, नाहीतर चाक बाहेर जातं. वरचं टोक पायरीवर नीट टेकून पट्ट्याने किंवा खिळीने अडकवलेलं हवं.

आणखी एक गोष्ट फोटोत दिसत नाही. रॅम्प संपतो तिथे, दाराच्या अलीकडे, सपाट जागा आहे का? नसेल तर उतारावर थांबून एका हाताने चाक धरायचं आणि दुसऱ्या हाताने दार ओढायचं. करून बघा म्हणजे कळेल. दीड मीटर सपाट जागा असली की निवांत.

जंगलाकडचं घर म्हणजे दव पडणार, पाऊस पडणार. रॅम्पचा पृष्ठभाग खरखरीत आहे ना, ते बघून घ्या.

रानवारा

बापरे, चार मीटर! मी तर घरून एक दार काढून नेऊ म्हणत होते. सगळ्यांचे आभार, वहीत लिहून घेते आहे. मालकांना बाथरूमच्या दाराची रुंदी विचारली आहे.

सुतारपक्षी, रुंदी चौकटीची मोजायची की दाराची?

सुतारपक्षी

दोन्हींपैकी कशाचीच नाही. दार काटकोनात उघडून ठेवायचं आणि दाराच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंत जी मोकळी फट राहते, ती मोजायची. बिजागरीपाशी दाराची जाडी आडवी येते, त्यात तीन-चार सेंटिमीटर सहज जातात. अमेरिकेच्या एडीए या दिव्यांगांसाठीच्या कायद्याच्या मानकात ही मोकळी रुंदी किमान ३२ इंच, म्हणजे ८१ सेंटिमीटर लागते. तेवढी जुन्या लाकडी घरात क्वचित मिळते. दादांची खुर्ची सगळ्यांत रुंद जागी, म्हणजे चाकं हाताने फिरवायच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांसकट किती आहे ते मोजा, त्यावर हाताची बोटं सुटी राहतील एवढी जागा वाढवा, तो तुमचा आकडा.

अगदी दोन-तीन सेंटिमीटरनी अडत असेल तर मालकांच्या परवानगीने दार बिजागरीतून काढून पडदा लावता येतो. पण तो शेवटचा उपाय. पडद्यामागे अंघोळ करायला कुणालाच आवडत नाही.

हातगुण

बाथरूमबद्दल जरा लांबण लावते, कारण सहल तिथेच बसते किंवा फसते.

दारानंतर आतली जागा. हाताने चालवायच्या खुर्चीला जागच्या जागी पूर्ण वळायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. एवढं नसेल तरी आत सरळ जाऊन उलटं बाहेर येता येतं का, आणि कमोडच्या निदान एका बाजूला खुर्ची लावायला मोकळी जागा आहे का, ते बघा. ती बाजू डावी की उजवी, हेही महत्त्वाचं. प्रत्येकाची सरकायची एक सवयीची बाजू असते. कमोडची उंची बैठकीसकट ४३ ते ४८ सेंटिमीटर असली तर खुर्चीतून सरकणं सोपं जातं.

टब आहे म्हणून लगेच नाही म्हणू नका. लांब बाक मिळतो, दोन पाय टबात, दोन टबाबाहेर. बाहेरच्या टोकावर बसायचं, सरकत आत जायचं, पाय हाताने उचलून आत घ्यायचे. दादांच्या हातात ताकद आहे, त्यांना हे जमू शकेल, पण टबाच्या कडेला मोकळी जागा हवी आणि लांब नळीचा हँड शॉवर हवा. सगळ्यांत उत्तम म्हणजे उंबरठा नसलेला शॉवर आणि पाण्यात चालणारी शॉवरची खुर्ची.

आधाराच्या दांड्याबद्दल कळकळीने सांगते. रबराच्या वाटीने भिंतीच्या फरशीला चिकटवायचे दांडे मिळतात, प्रवासाला सोयीचे म्हणून लोक नेतात. तोल सांभाळायला बोट टेकवण्यापुरते ते ठीक आहेत, अंगाचा भार टाकायला नाहीत. ओल्या भिंतीवरून ती वाटी कधी सुटेल याचा नेम नाही. भिंतीत पक्का बसवलेला दांडा आहे का, हेच विचारा. टॉवेलचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे. मालक पुष्कळदा तोच फोटोत दाखवतात.

गरम पाणी : दादांना पायांना संवेदना नसेल तर पाणी आधी हाताच्या कोपराने तपासायचं. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. नवीन घराचा गीझर किती तापतो हे कुणालाच ठाऊक नसतं. मालकांना तो ४८-४९ अंशांवर ठेवायला सांगा. शेकोटीचंही तसंच. पाय ऊबेजवळ सरकतात, चटका जाणवत नाही, आणि फोड दिसतो तो दुसऱ्या दिवशी. गुडघ्यावर हात ठेवून बघायचा, आपला हात जिथे सोसत नाही तिथून मागे.

उंबरठा

वाचनखूण साठवली. माझ्या आत्याला घेऊन जायचं आहे, सगळं कामाचं.

निळीशाई

एक वेगळं मत मांडतो. एवढी यातायात करण्यापेक्षा चांगल्या हॉटेलात सोयीची खोली का घेत नाही? दांडे बसवलेले असतात, लिफ्ट असते, रात्री मदतीला कुणी असतं. लाकडी घर म्हणजे दर वेळी नवीन परीक्षा. हौसेखातर दादांची गैरसोय नको.

अबोली_

निळीशाई दादा, आम्ही दोन्ही केलं आहे, म्हणून सांगते. माझे यजमान मोटारच्या खुर्चीवर असतात. हॉटेलात बाथरूम खरंच चांगलं होतं. पण बाकीचे सगळे वरच्या मजल्यांवर विखुरलेले, सोयीची खोली एकच, तीही जेवणघरामागच्या बोळात. भेट म्हणजे जेवणाच्या टेबलापुरती. रात्री अकरा वाजता कुणाच्या तरी खोलीत गप्पा रंगल्या आणि त्या खोलीचं दार यांना पुरेना. यातायात नको, ही तुमची काळजी पटते. पण एका छपराखाली सगळे असण्याची जी गंमत असते, ती हॉटेलात मिळाली नाही.

आता घराचं सांगते, कारण तिथेही आम्ही चुकलो. खाली एकच खोली होती, ती आम्हाला दिली. बाकी नऊ जण वर. व्हीलचेअरला जे लागतं ते सगळं खाली होतं, दार, पलंग, बाथरूम, काही म्हणून कमी नव्हतं. पण पत्ते वर, गाणी वर, मुलांची दंगल वर. पहिल्या रात्री आम्ही दोघं खाली दिवा मालवून पडलो होतो आणि छतातून हसण्याचा आवाज येत होता. मध्येच कुणीतरी पत्ता आपटला की सगळ्यांचा एकदम गलका. यांनी मला विचारलं, "कोण जिंकलं असेल गं?" मी काही बोलले नाही, उशी सारखी करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जावेला सांगितलं. तिला बिचारीला डोक्यातच आलं नव्हतं. त्याच दुपारी मुलांनी वरचं बैठकीचं सगळं सामान खाली आणलं, आणि मग पुढचे तीन दिवस काय धमाल झाली! म्हणून रानवारा, आधीच ठरवून टाक, की जिन्याच्या वर फक्त झोपायचं, बाकी सगळं खाली. आणि खालची बैठक अकरा जणांना पुरेल एवढी आहे का, ते फोटोत बघ.

मोटारच्या खुर्चीवाल्यांसाठी दोन गोष्टी. खुर्ची रात्रभर चार्जिंगला लावायची असते, तेव्हा पलंगाजवळ प्लग हवा. जंगलाकडे वीज जाते, ती किती वेळ जाते हे विचारून ठेवा आणि हाताची घडीची खुर्ची जोडीला न्या. यातल्या बऱ्याच खुर्च्या माणसाशिवायच शंभर किलोच्या वर जातात, त्यामुळे "उचलू" हा विषयच संपतो. आणि उचलायचं यंत्र म्हणजे हॉइस्ट वापरत असाल तर त्याचे पाय पलंगाखाली सरकावे लागतात. पलंगाखाली पाच-सहा इंच मोकळी जागा हवी. ड्रॉवरचे पेटीपलंग असले की यंत्र बाहेरच उभं राहतं.

रानवारा

अबोली_ ताई, "कोण जिंकलं असेल गं" वाचून उठून पाणी प्यायले. आमच्या घराच्या फोटोत मोठी बैठक वरच आहे. हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मालकांचं उत्तर आलं : बाथरूमचं दार "भरपूर मोठं आहे".

पायरी_नको

"भरपूर" हे कुठलं माप हो? :)

त्यांना व्हिडिओ कॉल करा आणि हातात टेप घेऊन गाडी लावायच्या जागेपासून पलंगापर्यंत चालत जायला सांगा. मी आता असंच करतो. कॉलवर दिसतं ते कुठल्याही फोटोत दिसत नाही : दाराशी जाड पायपुसणं, खोलीच्या मध्ये ठेवलेलं टेबल, दोन खोल्यांच्या मधली एक इंचाची लाकडी पट्टी. सपाट जमिनीवर दीड सेंटिमीटरचा उंबरठासुद्धा पुढच्या लहान चाकांना अडकवतो आणि आपण तोंडावर. मानकात तो १३ मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगतात, ते उगाच नाही.

गाडीपासून दारापर्यंतची जमीनही बघा. खडी असेल तर लहान चाकं रुततात.

सुतारपक्षी

खडीवरचा आमचा उपाय : प्लायवुडचे तीन तुकडे न्यायचे. दोन जमिनीवर एकापुढे एक, खुर्ची दुसऱ्यावर गेली की मागचा उचलून पुढे टाकायचा, तिसरा हाताशी राखीव. माझ्या भाच्यांनी हे काम इतकं मनावर घेतलं, की कुणाचा तुकडा आधी पडतो यावर पैज लागली. रोज ये-जा असेल तर मात्र दारापर्यंत कायमच्या फळ्या टाकून ठेवा.

हातगुण

खुर्चीच्या पुढे लावायचं एक मोठं चाकही मिळतं, ते लावलं की लहान चाकं जमिनीवरून उचलली जातात. गवतावर, खडीवर फार उपयोगी. दादांकडे असेलही.

घर उंचावर असेल तर खुर्चीच्या बैठकीवरच्या हवेच्या गादीकडे लक्ष द्या. वर गेलं की आतली हवा फुगते आणि गादी कडक होते, खाली उतरलं की ती बसते. पोचल्यावर बैठकीच्या हाडाखाली हात घालून बघायचं, अर्धा ते एक इंच हवा हवी. नाहीतर दोन दिवसांत जखम धरते आणि ती भरायला महिने जातात. प्रवासात गाडीत सलग बसणंही त्यातच मोजा, दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग उचलून किंवा झुकून भार बदलायला हवा.

ज्यांची इजा छातीच्या वरच्या भागात, म्हणजे सहाव्या छातीच्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर आहे, त्यांच्या सोबत्यांनी एक गोष्ट पाठ करावी. अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो. लगेच बसतं करायचं, कपडे सैल करायचे, लघवीची नळी मुडपली आहे का ते बघायचं. तुंबलेली लघवी हे सगळ्यांत नेहमीचं कारण. कारण सापडून लगेच उतार पडला नाही तर तातडीने दवाखाना. म्हणून जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे आणि घरात फोनला रेंज आहे का, हे बुकिंगच्या आधी.

जुनीवही

अवांतर : आपण आज जी घडीची खुर्ची गाडीच्या डिकीत टाकतो, तीही प्रवासाच्या अडचणीतूनच आली. हर्बर्ट एव्हरेस्ट नावाच्या खाण-अभियंत्याला खाणीतल्या अपघातानंतर खुर्ची लागायची, आणि तेव्हाच्या खुर्च्या गाडीत मावत नसत. त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज हाही अभियंता. दोघांनी मिळून १९३०च्या दशकात फुलीच्या आकारात मिटणारी नळ्यांची खुर्ची केली. आणि संयुक्त राष्ट्रांनी २००६मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा जो करार संमत केला, त्याचं तिसावं कलम फुरसत, करमणूक आणि खेळ यांत सहभागी होण्याच्या हक्काबद्दल आहे. तेव्हा निळीशाई, "हौसेखातर" म्हणताना ही हौस दादांचीही असेल हे धरा.

निळीशाई

मान्य. शब्द चुकला.

पायरी_नको

सवडीने लिहितो म्हणालो होतो, ते आता लिहितो.

ताई, दादांना आधी सांगा. सगळं ठरवून एकदम सांगितलं की माणसाला दोनच वाटा उरतात, आभार मानायचे किंवा सगळ्यांचा विरस करायचा. मला असं तीनदा केलं गेलं आणि तिन्ही वेळा मी आभार मानले. त्यातल्या एका वेळची गोष्ट वर लिहिलीच आहे.

रानवारा

खरं सांगू? मला भीती आहे की तो नाही म्हणेल. विचारलं की म्हणतो, "तुम्ही जाऊन या, मला काम आहे." चार वर्षं हेच. सगळं तयार असलं की त्याला नाही म्हणता येणार नाही, असा माझा हिशेब होता.

अबोली_

अगं, "नाही म्हणता येणार नाही" हाच तर घोळ आहे. तो कशाला नाही म्हणतो ते कळलं तर त्यावर काही करता येईल. आमचे हे नाही म्हणायचे ते माझ्यासाठी. घरी जे करते तेच मी सहलीत करणार, वर नवीन जागा, नवीन दारं, म्हणजे मला सुट्टी कुठली? ते कळल्यावर आम्ही कामं वाटून घेतली. सकाळचं आवरणं दिराकडे, रात्रीचं माझ्याकडे, दुपारी दोन तास मी कुणालाच सापडणार नाही. तुझ्या वहिनीलाही विचार.

उंबरठा

+१. मुलांनाही कामं द्या. आमच्याकडे वाटेतल्या चपला उचलायचं खातं सात वर्षांच्या लेकीकडे आहे. खुर्चीच्या वाटेत चपला दिसल्या की दंड.

रानवारा

दोन आठवड्यांनी येते आहे.

रविवारी दादाला फोन केला आणि सगळं सांगितलं, हा धागाही पाठवला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुझ्या वहीत काय आहे ते वाच." मी दाराची रुंदी, उतार, कमोडची उंची वगैरे वाचलं. म्हणाला, "चांगलं आहे. आता माझं लिही."

त्याचं असं होतं. गाडी तो स्वतः चालवत येणार, म्हणून लावायच्या जागी दाराच्या बाजूला खुर्ची उतरवण्याइतकी मोकळी जागा हवी. बाथरूमला आतून कडी हवी. आणि सकाळचा सगळ्यांचा नाश्ता तो करणार, तर ओट्याची उंची विचार, निदान एखादं टेबल असं हवं ज्याखाली गुडघे जातील. यातलं एकही माझ्या यादीत नव्हतं. मी त्याला आत कसं आणायचं याचाच विचार करत होते. आत आल्यावर तो काय करणार, हे मी विचारलंच नव्हतं.

इतकी वर्षं नाही का म्हणत होता, तेही विचारलं. अपघातानंतरच्या पहिल्या वर्षी एका लग्नात त्याला चौघांनी उचलून वर नेलं होतं. म्हणाला, "तू खाली उभी राहून टाळ्या वाजवत होतीस." मी वाजवल्या होत्या. मला तो आनंदाचा क्षण वाटला होता. फोनवर दोघंही रडलो.

ते पहिलं घर सोडलं. व्हिडिओ कॉलवर टेप लावला तेव्हा "भरपूर मोठं" दार ६१ निघालं, दादाची खुर्ची ६३. मालकांचा तसा काही दोष नाही, त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. दादाने आणि मी मिळून दुसरं घर शोधलं. एकमजली. दर्शनी दाराला पायरी नाही, मागच्या दाराला एक आहे, १५ सेंटिमीटर. सुतारपक्षी, म्हणजे १८० सेंटिमीटरचा रॅम्प, बरोबर ना? बाथरूमचं दार ८३, बाहेर उघडणारं, आतून कडी. शॉवरला उंबरठा नाही. खोल्या तीनच आहेत, मुलं बैठकीत गाद्या टाकून झोपणार. ती आत्तापासून खूश आहेत.

वहिनीने दुपारचे दोन तास मागितले आहेत. अबोली_ ताई, तुमचं नाव सांगून.

सुतारपक्षी

१८० बरोबर. मागच्या दाराला रॅम्प नक्की लावा, म्हणजे बाहेर पडायला दोन वाटा होतील.

गिरीभ्रमर

मीही मित्राला विचारलं. तो म्हणाला, "आवडायचं नाही, पण तुम्ही इतके उत्साहात असायचात." पुढच्या महिन्यात आम्ही दोघं मिळून जागा बघणार आहोत, टेप तो धरणार आहे. पायरी_नको, तुमचे आभार.

हातगुण

रानवारा, छान झालं. पलंगाची उंची राहिली. खुर्चीच्या बैठकीएवढी हवी, साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर. गादीसकट मोजा आणि कुणीतरी गादीवर बसलेलं असताना मोजा. मऊ गादी दहा सेंटिमीटरसुद्धा दबते, मग पलंगावर जाणं सोपं आणि परत खुर्चीत येणं म्हणजे चढण.

रानवारा

विचारलं. मालकीणबाई स्वतः पलंगाच्या कडेवर बसल्या आणि मुलाला टेप धरायला लावून फोटो पाठवला. ४७. दादाची बैठक ४९. तो म्हणतो, जमेल.